पानातली मिठाची जागा

आमच्याकडे पान वाढायला घेतलं की आधी मीठ. वरच्या टोकाला, मधोमध, चिमूटभर. त्याच्या डाव्या अंगाला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या अंगाला भाज्या, आणि मग बाकीचं सगळं. केळीची पानं जाऊन स्टीलची ताटं आली, आम्ही पाटावरून उठून टेबलाशी बसायला लागलो, तरी हा क्रम सुटला नाही. माहेरी पंगतीत एखादा वाढपी मीठ विसरून पुढे गेला, तर आई त्याला नावानिशी हाक मारून मागे बोलवायची. मीही सासरी येऊन तेच केलं. त्यामुळे पुढे जवळजवळ दोन वर्षं आमच्या दोन्ही ताटांतली ती जागा रिकामी राहिली, तेव्हा रोज जेवायला बसताना माझं लक्ष आधी तिथेच जायचं.

माझ्या किडन्यांनी राजीनामा दिला तेव्हा मी शाळेतून निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. रक्तदाबाने त्यांना बरीच वर्षं छळलं होतं, त्यामुळे मी त्यांना फार दोष देत नाही. आठवड्यातून तीनदा इथल्याच, बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका इस्पितळात जायचं, खुर्चीवर आडवं व्हायचं, रक्त मशीनमधून फिरून परत येईपर्यंत छताकडे बघायचं आणि घरी येऊन कपडे न बदलता झोपायचं. डाव्या मनगटाशी एक छोटी शस्त्रक्रिया करून शिरा जोडून दिल्या होत्या. सुया तिथेच टोचायच्या. तिथे बोट ठेवलं की आत बारीक थरथर लागायची, शिवणाच्या मशीनची मोटर चालू असावी तशी. ती थरथर चालू आहे का हे रोज बघायला सांगितलं होतं. आमचे हे बाजव्याजवळच्या कारखान्यात जन्मभर मीटर तपासत आलेले. हे काम त्यांनी न सांगता आपल्याकडे घेतलं. सकाळी चहाच्या आधी माझं मनगट हातात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, ‘‘चालू आहे.’’

बंधनं पुष्कळ होती. पाणी मोजून. भाज्या चिरून, उकळून, ते पाणी फेकून मग फोडणीला टाकायच्या, म्हणजे भाजीतलं जे काही भाजीपण असेल ते मोरीत गेल्यावर उरलेला चोथा आपण खायचा. नारळपाणी नाही, केळं नाही. आणि मीठ जवळजवळ नाहीच. आहार सांगणारी मुलगी हसतमुख होती. ती म्हणाली, मावशी, आता आयुष्याचा दर्जा सांभाळायचा. मी म्हटलं, बाळ, आयुष्याला दर्जा असतो तो चवीने, आणि ती तर तू आत्ताच काढून घेतलीस. ती आणखी हसली. मला हसू आलं नाही.

तहान सगळ्यांत वाईट, असं सगळे रुग्ण म्हणतात आणि खरंच म्हणतात. बडोद्याच्या मे महिन्यात कुणाच्याही घरी गेलं की दार उघडल्याबरोबर ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास येतात. नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागतं, आणि सांगितलं की पुढचा तासभर सगळ्यांचे सगळे आजार ऐकावे लागतात. मी लोकांकडे जाणं कमी केलं. तरी तहानेची सवय झाली म्हणा. मला जड गेलं ते दुसरंच.

पहिल्यांदा मशीनवर जाऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी यांचं ताट वाढत होते. मिठाची चिमूट घेतली, तेवढ्यात यांनी ताटावर हात आडवा धरला. ‘‘मला नको,’’ म्हणाले. दोन दोन भाज्या कशाला करायच्या, तुझ्यासाठी होते तीच मी खाईन, एवढंच कारण सांगितलं. मला भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने असं काही करावं, याची बाईमाणसाला सवय नसते. मी रडले, आणि ते मान खाली घालून अळणी आमटी भुरकत राहिले.

मग त्यांनी मिठाची बरणीच माळ्यावर टाकली. मला मोह नको म्हणून. मुलगी पुण्याहून माहेरपणाला आली तर तिलाही आठवडाभर अळणीच जेवायला लागलं. ती बिचारी बाहेर जाऊन काहीतरी खाऊन यायची आणि आल्यावर ओठ पुसत मला आवडलेल्या पुस्तकाविषयी विचारायची. आमच्या हरणीच्या सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या बेन भाजी घेताना मला म्हणाल्या, ‘‘बेन, तमे तो भाग्यशाळी छो. आवो धणी कोने मळे?’’ मी म्हटलं, हो ना, असा नवरा कुणाला मिळतो. दुसरं काय म्हणणार होते?

पण मला ते आवडेनासं झालं होतं. हे उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून आत्ता लिहिते. मला खाता येत नव्हतं, पण मला रांधता येत होतं. माझ्या हाताला चव आहे असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं. रविवारी यांना फाफडा-जलेबी लागायची, नाहीतर सेव-उसळ, तीही अशी झणझणीत की खाताना नाक गळायचं आणि तरी आणखी रस्सा मागायचे. मला वाटत होतं, मी पलीकडे बसून माझा चोथा खाईन, पण समोर कुणीतरी मिटक्या मारत जेवेल, भाजी कशी झालीय ते सांगेल, एखादा दिवस नाक मुरडेल. त्यातला थोडा वाटा मलाही मिळाला असता. त्याऐवजी समोर एक माणूस औषध घेतल्यासारखा जेवत होता आणि उठताना दर वेळी ‘‘छान झालंय’’ म्हणत होता. अळणी वाटाण्याची उसळ छान होत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

एका रविवारी मी समोरच्या बेनकडून वाटीभर मीठ आणून यांच्यासाठी नीट मसाल्याची सेव-उसळ केली. वासाने जिना भरून गेला. यांनी वाटी जवळ ओढली, वास घेतला, आणि पुन्हा माझ्याकडे सारली. मी चिडले. मी म्हटलं, माझ्या घशात दोन घास अळणी उतरतात म्हणून तुम्ही जेवणावर बहिष्कार टाकलात, आता घरात दोन आजारी माणसं झाली, माझी कोणती सोय झाली ते सांगा. ते उठून बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसले. ती उसळ मी बेनकडेच पोचवली, त्यांच्या घरी सगळ्यांनी बोटं चाटली म्हणे.

अळणीची मला खरं तर लहानपणापासून ओळख. मी दांडिया बाजाराच्या बाजूला वाढले. आषाढात आमच्या गल्लीतल्या गुजराती मुली अलूणां करायच्या, म्हणजे गौरीव्रत. टोपलीत गव्हाचे जवारे उगवायचे, रोज पूजा करायची आणि व्रत संपेपर्यंत मीठ खायचं नाही. मला त्या नव्या कपड्यांचा आणि मेंदीचा मोह. आई म्हणाली, आपल्यात हे नसतं, पण करायचं तर पुरं कर, मधे सोडायचं नाही. मी केलं. दुसऱ्या दिवसापासून जगात मिठाशिवाय काहीच नाही असं वाटायला लागलं. शेजारच्या दुकानातल्या शेंगदाण्यांकडेसुद्धा बघवेना. शेवटी जागरण झालं आणि पारण्याच्या सकाळी आईने ताटात मीठ वाढून माझ्यापुढे गरम भाकरी आणि पिठलं ठेवलं. पहिला घास तोंडात गेला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आई हसत होती. व्रत कसलंही असो, त्याला पारणं असतं आणि त्या पारण्याच्या आशेवर आपण ते करतो, हे मला तेव्हा कळलं. आजाराला पारणं नसतं, हे कळायला पुढची पन्नास वर्षं गेली.

दुसऱ्या वर्षीच्या नवरात्रात हे पडले. सोसायटीच्या चौकात आरती चालली होती. ऑक्टोबरचा उकाडा, लाऊडस्पीकर, गर्दी. यांच्या हातात प्रसादाचं ताट होतं. मी खुर्चीवर बसले होते, तिथून मला दिसलं, की ताट आधी कललं आणि मग हे. डोकं ओट्याच्या काठावर आपटलं असतं तर मी आज वेगळंच काहीतरी लिहीत असते. बेनच्या मुलाने आणि आणखी दोघांनी त्यांना उचलून घरात आणलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला विचारलं, ‘‘आज तुझा मशीनचा दिवस आहे का?’’ नव्हता. त्यांना वारच आठवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्तातलं मिठाचं प्रमाण बरंच खाली गेलेलं होतं. यांना रक्तदाबाची गोळी होती, ती लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी, त्यात हा घाम आणि पोटात मिठाचा कण नाही. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, आजी, तुम्हाला मीठ बंद सांगितलंय, यांना कुणी सांगितलं? त्यांनी गोळी बदलली आणि यांना बजावलं, की उद्यापासून नेहमीसारखं जेवायचं, असंच चालू ठेवलं तर पुढच्या वेळी नुसत्या चक्करेवर भागणार नाही, झटके येतील. हे मुकाट्याने मान हलवत होते. त्या मान हलवण्याला मी चांगली ओळखून होते. ती ‘हो’ची नव्हती.

परतताना रिक्षात मी म्हटलं, घरी गेल्यावर आधी माळ्यावरची बरणी काढते. तेव्हा ते म्हणाले, ‘‘काढू नकोस. मी बोललोय.’’

काय बोललात, कुणाला, ते मला रिक्षा घराशी येईपर्यंत विचारत बसावं लागलं. पहिल्या दिवशी मी मशीनवर असताना हे इस्पितळासमोरच्या गणपतीला गेले होते. तिथे बोलून आले होते, की ही बरी होईपर्यंत मी मीठ खाणार नाही. दोन दोन भाज्या करण्याची गैरसोय वगैरे सगळं मला सांगायला होतं. हा माणूस देवळात चप्पल काढायचाही कंटाळा करणारा. घरातल्या पूजेला उशीर झाला की घड्याळ बघणारा. पण त्यांचे आजोबा, पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते आणि दिलेला शब्द हा त्यांच्या घरात देव्हाऱ्यातल्या देवांपेक्षा वरचा होता.

मी जिन्यातच बसले. मला राग आला होता आणि रागाखाली भीती होती. म्हटलं, अहो, तुम्ही जन्मभर यंत्रं तपासलीत. वाया गेलेली किडनी परत येत नाही, हे मला तुम्हीच चित्र काढून समजावलंत. या वयात दुसरी बसवता येणार नाही, हेही आपण दोघांनी एकत्र ऐकलं. मग बरी होईपर्यंत म्हणजे केव्हापर्यंत? ते वरच्या पायरीवर उभे होते. बराच वेळ किल्ली शोधत राहिले, किल्ली हातातच होती.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. डॉक्टरांच्या नव्या गोळीने थोडा फरक पडला, पण उभं राहताना भिंत धरायची त्यांची सवय गेली नाही. मला इस्पितळात तेच गाडीतून न्यायचे. मी बाजूला बसून रस्त्याऐवजी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसायची. हे पुन्हा पडले तर यांचं काय होईल, ही भीती होतीच, आणि मग मला मशीनवर कोण नेईल, हीही होती. दुसरी भीती स्वार्थी आहे म्हणून ती कमी नव्हती. मशीनवर पडल्या पडल्या मी हिशेब लावायची, की या माणसाने माझ्यासाठी जीव टांगणीला लावला आहे आणि मी बरी होत नाही म्हणून तो सुटत नाही. म्हणजे माझा आजार आता दोघांना मारणार. उपकार असा अंगावर बसलेला फार जड असतो.

चोरून भाकरीच्या पिठात मीठ घालावं असंही मनात आलं. मुलीने फोनवर तेच सुचवलं होतं. पण इतक्या दिवसांनी पहिल्याच घासाला त्यांना कळलं असतं, आणि दुसऱ्याचा शब्द आपण फसवून मोडायचा हे मला होईना. मोडायचा तर त्यांनीच मोडायला हवा होता. मुलगी म्हणाली, मग गुरुजींना विचार, उद्यापन करता येत असेल. उद्यापन करता येतं, हे मलाही ठाऊक होतं. गुरुजींनी मीठ दान करायला लावलं असतं आणि पाप लागणार नाही म्हणून सांगितलं असतं. यांना पापाची भीती नव्हतीच. मीठ खाल्लं म्हणजे मी बरी होणार नाही हे कबूल केलं, एवढंच त्यांना होत नव्हतं.

दिवाळीचा पाडवा आला. आमच्या शहरात त्या दिवशी दोन नवी वर्षं हातात हात घालून येतात असं म्हटलं तरी चालेल. आमच्या घरी पाडव्याचं अभ्यंगस्नान आणि नवऱ्याला ओवाळणं, आणि बाहेर गुजरात्यांचं बेसतुं वरस. त्या दिवशी उजाडायच्या सुमाराला गल्लीगल्लीतून ‘सबरस, सबरस’ अशी हाळी ऐकू येते. सबरस म्हणजे मीठच. वर्षाची पहिली खरेदी शुभ हवी म्हणून लोक दारात चिमूट-मूठ मीठ घेतात. सगळ्या रसांचं नाव गुजराती माणसाने मिठाला दिलं, याचं मला लहानपणापासून कौतुक आहे. आधीच्या वर्षी ती हाळी आली तेव्हा यांनी खिडकी लावून घेतली होती. त्या वर्षी मी आधीच उठून बसले होते. खाली एक बाई डोक्यावर टोपली घेऊन आली. मी वरूनच थांबवलं, कठड्याला धरत धरत उतरले आणि खडे मीठ पदरात घेऊन आले. बाई म्हणाली, ‘‘साल मुबारक, बा.’’ मीही म्हटलं, साल मुबारक.

यांची अंघोळ झाली. मी पाट मांडला, रांगोळीची दोन बोटं ओढली. डाव्या हाताने जड उचलायचं नसतं, म्हणून ओवाळायचं ताट उजव्या हातातच पेलून ओवाळलं. ज्योत जरा हलत होती. यांनी सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढलं. मी म्हटलं, ते ठेवा. मला ओवाळणी मागून हवी आहे.

‘‘माग,’’ ते म्हणाले.

‘‘मीठ खा.’’

त्यांनी मान खाली घातली. पाटावर बसलेला म्हातारा माणूस, ओले केस, कपाळाला मी लावलेलं ओलं कुंकू. मग म्हणाले, ‘‘म्हणजे तू बरी होणार नाहीस, असं मी म्हणायचं.’’

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. बसायला मला वेळ लागतो, त्यांनी हात दिला. मी माझं डावं मनगट त्यांच्या हातात दिलं, रोज सकाळी ते घेतात तसं. म्हटलं, ‘‘मी बरी होणार नाही. हे बघा, चालू आहे ना? एवढंच आहे. हे आहे तोवर मला तुम्हाला जेवताना बघायचंय.’’

त्यांनी बोटं ठेवली. डोळे मिटले. बोटं उचललीच नाहीत. आम्ही असे किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही, निरांजन विझलं तरी कुणी उठलं नाही. ते रडत होते आणि मीही. बाहेर सोसायटीत लोक एकमेकांना साल मुबारक म्हणत जिने चढत-उतरत होते. आमच्या दारावरही दोनदा थाप पडली. आम्ही उघडलं नाही.

दुपारी मी पान वाढलं. खडे मीठ खलात कुटलं होतं. ताटाच्या वरच्या टोकाला, मधोमध, चिमूट ठेवली. त्यांनी हात आडवा धरला नाही. मग लिंबू, कोशिंबीर, बटाट्याची भाजी, वरण-भात, आमटी. माझ्या ताटात माझं नेहमीचं होतं आणि मिठाची जागा रिकामी. ते बराच वेळ त्या चिमटीकडे बघत राहिले. मग त्यांनी आमटी-भात कालवला आणि घास घेतला.

मी माझं जेवण विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी चावलं, गिळलं. दुसरा घास घेतला. कपाळाला एक आठी पडली, ती मी दोन वर्षांत पाहिली नव्हती.

‘‘आमटीत मीठ कमी आहे,’’ ते म्हणाले.

माझ्या हाताचा अंदाजच गेला होता. एरवी मी असं कुणाचं ऐकून घेतलं नसतं.

‘‘पानात वाढलंय,’’ मी म्हटलं, ‘‘घ्या.’’

त्यांनी चिमूट उचलली.